इन्शिराहचा चारचा फोन

आमच्या इमारतीत इंटरनेटची लाइन एकच, आणि ती माझ्या नावावर. चार मजले, चार बिऱ्हाडं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बैठकीतल्या राउटरमधून निघालेल्या वायरी जिन्याच्या कठड्यावरून वर-खाली गेलेल्या. आमच्या दमनहूर गावात निम्म्या इमारतींत असंच चालतं. कंपनीला ते चालत नाही, पण कंपनीला विचारतंय कोण. महिन्याला एकशे चाळीस जीबी मिळतात, ते चार घरांत पुरवायचे. पुरवायचं काम माझं, कारण मी एकोणतीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते आणि शिस्त म्हणजे काय ते या जिन्यात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

मला सांगायचंय ते चौथ्या मजल्यावरच्या इन्शिराहबद्दल. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

इन्शिराह जन्मापासून बहिरी. शाळेत कधी गेली नाही, अक्षर वाचता येत नाही, आकडे तेवढे येतात, तेही कापड मोजायच्या टेपमुळे. शिवणकाम करते. अर्ध्या गावातल्या नवऱ्यामुलींचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेत. बावीस वर्षांपूर्वी ती वर राहायला आली तेव्हा मी तिच्याशी मोठमोठ्याने ओरडून बोलायचे, जणू तिच्या कानात नुसता मळ साचलाय. तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं, माझे दोन्ही हात पकडून समोर आणले आणि मला बोलायला शिकवलं. शाळेत मी इतक्या पोरींना शिकवलं, पण मला कुणी असं बसवून शिकवलं नव्हतं. प्रत्येकाला तिने खुणेचं नाव ठेवलंय. माझं नाव म्हणजे वर केलेली तर्जनी. तळमजल्यावर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या दुसूकीचं नाव म्हणजे मिशी आणि मग जांभई. तिसऱ्या मजल्यावरच्या वफाचं नाव म्हणजे एकापाठोपाठ एक तीन पोरं कमरेवर घेतल्यासारखं करायचं. हे नाव करताना इन्शिराह स्वतःच हसून लोळायची.

तिचा नवराही बहिरा होता, तो गेला. मुलगी रीहाम, तीही बहिरी. ती मात्र मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकली, आणि वाएल नावाच्या तिच्यासारख्याच मुलाशी लग्न करून पार अस्वानला गेली. वाएल नाईलवरच्या प्रवासी बोटीत स्वयंपाकी आहे. चार दिवस बोटीवर, दोन दिवस घरी.

तर रोज दुपारी चार वाजता इन्शिराहचा फोन. तुमच्या-आमच्या फोनसारखा नाही. आपण चित्र बंद करून नुसतं बोलू शकतो. तिचं बोलणं म्हणजेच चित्र. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि दोन-दोन तास मायलेकींनी हात हलवत बसायचं. कंपनीचं मीटर येणारंही मोजतं आणि जाणारंही. म्हणजे रीहामचे हात मोजले जातात, इन्शिराहचेही. आपल्या बोलण्याला जिथे चमचाभर लागतं, तिथे त्यांना बादली लागते.

रीहामला सातवा महिना लागला आणि तिचा रक्तदाब चढला. डॉक्टरने बजावलं होतं, की चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठायचं. पण रीहाम म्हणजे पायात खिळा घुसला तरी 'काही नाही' म्हणणारी पोर. वाएल बोटीवर, सासू वारलेली, शेजाऱ्यांना खुणा येत नाहीत. म्हणून इन्शिराहला पोरीचं सांगणं नको होतं, चेहरा हवा होता. रोज ती रीहामला खिडकीपाशी उजेडात उभी करायची, मान वळवायला लावायची, गालावर बोट दाबून दाखवायला सांगायची. आठवा महिना लागला की ती स्वतः जाणार होती. तोवर चार वाजता तो चेहरा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आणि आदल्या महिन्यात बावीस तारखेलाच आमचं नेट संपलं.

संपलं म्हणजे कंपनी लाइन तोडत नाही. ती गळा कापत नाही, दाबून धरते. आधी निरोप येतो, ऐंशी टक्के झाले. मग निरोप येतो, सगळे झाले. त्यानंतर वेग इतका उतरवतात की लिहिलेला निरोप कसाबसा जातो, पण चित्राचे चौकोन होतात. डोळे एका चौकोनात, तोंड दुसऱ्या, आणि हात कुठेच नाहीत. मी जादाचं घेतलं, ते वफाच्या पोरांनी कार्टून बघून दोन दिवसांत फस्त केलं. मोबाइलवरून म्हणाल, तर आमच्या गल्लीत मोबाइलचं नेट चित्र ओढण्याइतकं येतच नाही. सहा दिवस इन्शिराह त्या चौकोनांपुढे बसून राहिली. मी वर गेले तर म्हणाली, "नाक दिसतंय. नाक सुजलेलं नाही." 'नाक' ती इतक्या घाईत म्हणाली की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मग मी जिन्यात सगळ्यांना उभं केलं. तोंडाने आणि हाताने, दोन्हींनी सांगितलं. सिनेमे बंद. कार्टून दिवसाला एक तास. इस्त्रीला आलेल्या गिऱ्हाइकाला पासवर्ड द्यायचा नाही. "आणि हळू चालतंय म्हणून तक्रार घेऊन कुणी माझ्या दारात यायचं नाही. महिना कसा पुरवायचा ते मी बघते."

दुसूकी मला उस्ताझा, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणतो. "उस्ताझा, छडी आणायची राहिली तुमची," तो म्हणाला.

"तू आधी दाढी कर, मग छडीचं बोल," मी म्हटलं.

नवा महिना लागला. मी दर रविवारी सकाळी चहा घेत राउटरचं पान उघडायचे आणि कोण किती खातंय ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. प्रत्येक यंत्राला मी नाव देऊन ठेवलेलं. वफाचा टीव्ही, दुसूकीचा फोन, इन्शिराहचा फोन. दहा तारखेला, रविवारी, मला तिथे एक बिननावाचं यंत्र दिसलं. नुसती अक्षरं आणि आकडे. त्या मेल्याने आठवड्याभरात एकोणीस जीबी ढोसले होते. इन्शिराहच्या फोनपुढे भोपळा. मला वाटलं, बिचारी माझ्या बोलण्याला घाबरून जपून वापरतेय, आणि इथे कोण उपटसुंभ तिच्या तोंडचा घास खातोय. माझं टाळकं सणकलं.

मी तशीच खाली गेले. "कुणाला पासवर्ड दिलास?"

"कुणाला नाही. अल्लाशप्पथ, उस्ताझा."

"शप्पथ इस्त्रीखाली ठेव. एकोणीस जीबी गेलेत. बिननावाचा फोन आहे. तुझं कुठलं तरी गिऱ्हाईक शर्ट घ्यायच्या निमित्ताने इथे बसून मॅच बघतंय."

"अहो, इथे उभं राहायला जागा नाही, मॅच कुठे बसून बघणार?"

"बरं. मग त्याचा गळा दाबला तर तुला दुखायचं कारण नाही. आत्ता वर जाऊन दाबते."

"दाबा," दुसूकी म्हणाला आणि इस्त्री फिरवायला लागला.

राउटरमध्ये सोय असते. एकेका यंत्राचा वेग वेगळा ठरवता येतो. मी त्या बिननावाच्या यंत्राला सगळ्यात तळाला नेऊन ठेवलं, कंपनी ठेवते त्याच्याही खाली. पार बंद करायचं होतं, पण मग चोराला कळतं आणि तो नाव बदलून परत येतो. हळू केलं की तो वैतागून आपणच जातो. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. त्या दिवशी मुलुखियाची पालेभाजी रांधली तीही छान झाली होती, हे मला अजून आठवतं आणि माझीच मला शिसारी येते.

सोमवार, मंगळवार गेले. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारावर तळव्याची थाप पडली. इन्शिराह अशीच थाप मारते. दार उघडलं तर ती काळी चादर गुंडाळून, हातात बोचकं घेऊन उभी. चेहरा राखेसारखा.

"मी अस्वानला जाते," तिचे हात म्हणाले. "दुपारची गाडी."

"का? काय झालं?"

"काही दिसत नाही. तीन दिवस. चौकोन. काल रीहामने लिहून पाठवलं, ते वफाने वाचून हाताने सांगितलं. लिहिलंय, सगळं छान. तिचं छान मला माहितेय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने बोचकं दाराशी ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तू म्हणालीस, तक्रार नको. मी मनात मोजलं. सगळ्यांत जास्त मीच बोलते. माझ्यामुळे संपलं असणार. मला लाज वाटली."

"अगं, संपलेलं नाहीये," मी म्हटलं, आणि मोठ्या तोऱ्यात कंपनीचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. शिल्लक एकोणऐंशी. आकडे तिला वाचता येतात. तिने एकोणऐंशीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, तुझा फोन दाखव, फोनच बिघडला असेल. तिने चादरीतून फोन काढला. मोठा, जांभळ्या पाठीचा, कोरा करकरीत. तो मी याआधी कधी पाहिला नव्हता.

"हा कुठला?"

"रीहामने पाठवला. ईदला. याचा कॅमेरा मोठा आहे. चेहरा नीट दिसावा म्हणून."

मी आत गेले, राउटरचं पान उघडलं, ते बिननावाचं यंत्र शोधलं आणि त्याच्यावरचं बंधन काढलं. तीनदा चुकलं. बाहेर येऊन म्हटलं, "लाव फोन. दुरुस्त केलंय."

तिने माझ्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन लावला. बराच वेळ रीहामने घेतला नाही. मग घेतला.

चित्र अगदी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की मला बघवेना म्हणून मी मान फिरवली आणि परत बघितलं. रीहामचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा फुगला होता. डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या. ती हसायचा प्रयत्न करत होती. इन्शिराह हाताने विचारत होती, डोकं? काजवे? रीहामचे हात उत्तर द्यायला उठले, पण खुणा अर्ध्याच होत होत्या. बोटं अडखळत होती, आपली जीभ अडखळते तशी. इन्शिराहने माझा दंड इतका घट्ट धरला की नखांचे वळ चार दिवस होते.

"ती बोबडं बोलतेय," ती म्हणाली. "तू फोन कर. तुला आवाज आहे."

मी माझ्या फोनवरून रुग्णवाहिकेला फोन लावला. त्यांनी इकडून तिकडे जोडलं, तिकडून अस्वानला. पत्ता विचारला. मी इन्शिराहला विचारलं, इन्शिराहने रीहामला, रीहामच्या हातांनी गल्ली सांगितली, इन्शिराहने मला, मी त्या माणसाला. अशी ती गल्ली चार जणांच्या हातातोंडातून गेली. तो म्हणाला, "बाई, रुग्णाशी सरळ बोलायला द्या ना." मी त्याच्यावर ओरडले, "ती बोलू शकत असती तर मी कशाला बोलले असते?" तो म्हणाला, गाडी निघतेय, वीस मिनिटं.

मी पुन्हा फोनकडे पाहिलं तेव्हा रीहामची मान एका बाजूला वळत होती. आपोआप, कुणीतरी पिरगळल्यासारखी. मग तिचा फोन पडला. पडद्यावर छत आलं. छत आणि पंखा, बाकी काही नाही.

इन्शिराहने फोन उचलून हलवला. जणू हलवल्याने तिथला कॅमेरा वळणार होता. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला कळलं की तिला दिसत नाहीये ते मला ऐकू येतंय.

टाचा आपटत होत्या. फरशीवर, एका लयीत, फार जोरात. घशातून आवाज येत होता, तो मी सांगणार नाही.

"काय ऐकू येतंय?" इन्शिराह विचारत होती. "सांग. काय ऐकू येतंय?"

मी म्हटलं, "ती हलतेय." मग आवाज थांबला. पंखा फिरत होता, त्याची कुरकुर तेवढी. इन्शिराहने विचारलं, "आता?" मी म्हटलं, "शांत झालीय." माझे हात खोटं बोलतायत की खरं ते मलाच माहीत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हातांकडे नाही. माणसाचा चेहरा वाचण्यात तिचा हात कोण धरणार. मी चेहरा दगडासारखा ठेवला. शाळेत हजार वेळा ठेवला होता, पण इतकं कठीण कधी गेलं नव्हतं.

वफा धावत आली, मागून दुसूकी. मी ओरडले, सगळ्यांनी आपापलं नेट बंद करा. शिल्लक एकोणऐंशी होते, गरज काहीच नव्हती, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसूकी जागचा हलला नाही. तो इन्शिराहच्या हातातल्या जांभळ्या फोनकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

तेवीस मिनिटांनी दारावर धक्के ऐकू आले. दार आतून लावलेलं. माणसं हाका मारत होती, बहिऱ्या पोरीला हाका. मग लाकूड मोडल्याचा आवाज, बूट, आणि एक माणूस फोनवर वाकला. त्याचं नाक पडद्यावर आलं. "कुणी आहे का? श्वास चालू आहे," तो म्हणाला. मी हाताने ते सांगितलं आणि इन्शिराह फरशीवर बसली.

ती दुपारच्या गाडीने गेलीच नाही, कारण डॉक्टरचा फोन माझ्या नंबरवर येणार होता आणि तो तिला ऐकू येणार नव्हता. ती माझ्या सोफ्यावर बसून माझ्या फोनकडे टक लावून होती. वफाने चहा केला, तो तसाच निवला. अस्रची, म्हणजे दुपार कलतानाची, अजान झाल्यावर फोन आला. डॉक्टरीण बाई होत्या, थकलेला आवाज.

म्हणाल्या, "आई वाचली आहे. बाळ नाही. मुलगा होता." मग म्हणाल्या, "तुम्ही घरचे आहात म्हणून सांगते. ही सूज आजची नाही. पोरीने लिहून दाखवलं, तीन दिवस डोकं दुखत होतं. रविवारी, सोमवारी जरी आणली असती तरी दोघं वाचली असती. कुणी बघितलंच नाही का तिच्याकडे?"

मी म्हटलं, "नाही."

फोन ठेवला. इन्शिराह उभी राहिली होती. "काय म्हणाली?"

मी सांगितलं. रीहाम वाचली. बाळ गेलं. मुलगा होता. तिने दोन्ही हात पोटावर धरले, जणू ते तिच्याच पोटातून गेलं. मग तिने विचारलं, "ती बराच वेळ बोलत होती. आणखी काय म्हणाली?"

माझे हात वर आले. खुणा मला येतात. तीन, दिवस, आधी. तिन्ही सोप्या आहेत, तिनेच शिकवलेल्या. मी म्हटलं, "म्हणाली, तुम्ही वेळेवर फोन केलात म्हणून आई तरी वाचली."

इन्शिराहने माझा उजवा हात धरला आणि त्याचं चुंबन घेतलं, मग कपाळाला लावला. मी हात मागे ओढला नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. महिन्याने परत आली, कारण वाएलने बोट सोडून अस्वानमध्येच काम धरलं आणि रीहाम हिंडू-फिरू लागली. माझ्यासाठी तिने झगा शिवून आणला होता, गडद निळा, गळ्याला हातकाम. जिन्यात भेटेल त्याला ती सांगते की कंपनीने लाइन दाबून ठेवली होती आणि या बाईने ती सोडवली. दर वेळी मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

खरं ठाऊक आहे ते एकट्या दुसूकीला. त्याने मला कधी विचारलं नाही, आणि कुणाला काही बोललाही नाही. निदान तोंडाने. मी त्याच्या दुकानावरून जाते तेव्हा तो इस्त्री थांबवतो, मी पुढे गेले की पुन्हा सुरू करतो. मला रोज वाटतं की आज वर जावं आणि इन्शिराहला सगळं सांगून टाकावं. चौथ्या मजल्याच्या निम्म्या पायऱ्या चढते आणि परत येते. शाळेत चूक कबूल न करणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर उभं करायचे, दिवस-दिवस. माझ्याइतकी भेकड त्यांतली एकही नव्हती.

इतके दिवस मला एकच धीर होता, की दुसूकीला खुणा येत नाहीत. मिशीला हात लावून जांभई द्यायची, एवढीच त्याची अक्कल.

मागच्या आठवड्यापासून इन्शिराह दुपारी फोन झाला की त्याच्या दुकानात जाऊन बसते. तिला आता घरात एकटं बसवत नाही, म्हणते. तो इस्त्री करतो आणि ती त्याला शिकवते. मी खिडकीतून बघते. परवा त्याला चहा आणि शर्ट आलं, काल वर आणि खाली. आज तिने त्याला फोनची खूण शिकवली, आणि त्याने ती दोनदा बरोबर करून दाखवली.